दहा मिलिकेल्विनची जाहिरात आणि दीडशे मिलिकेल्विनचा इलेक्ट्रॉन

क्वांटम डॉटमध्ये, म्हणजे सिलिकॉनमधल्या एका अतिसूक्ष्म खळग्यात, अडकवलेल्या एकाच इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचे इवलेसे चुंबकत्व, वर आहे की खाली, हे मोजायला जे यंत्र लागते ते आमच्या महाविद्यालयात नाही आणि नजीकच्या काळात येण्याची शक्यताही नाही. त्यामुळे गेल्या वर्षी आम्ही, म्हणजे परभणीत पदव्युत्तर वर्गांना भौतिकशास्त्र शिकवणारी मी आणि माझा एक संशोधक विद्यार्थी, राज्याबाहेरच्या एका संस्थेची सशुल्क अतिशीत-मापन सेवा घेतली. संस्थेचे नाव मी देणार नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक त्या एका संस्थेपेक्षा अशा सेवांची माहिती ज्या पद्धतीने दिली जाते त्या पद्धतीबद्दलच्या आहेत. नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यार्थी हल्ली या विषयाबद्दल विचारू लागले आहेत. पैसे भरण्यापूर्वी त्यांना काय विचारावे हे कळावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सेवेचे स्वरूप साधे आहे. संस्थेकडे कोरड्या पद्धतीचा (द्रव हीलियम न ओतता चालणारा) डायल्यूशन रेफ्रिजरेटर, म्हणजे नमुना निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेणारे शीतयंत्र आहे, त्यात ९ टेस्लाचा चुंबक आहे, नमुन्यापर्यंत जाणाऱ्या २४ तारा आहेत आणि तारांच्या वरच्या टोकाला व्होल्टेज देणारी व प्रवाह मोजणारी उपकरणे आहेत. आपण नमुना घेऊन जायचे, दिवसाच्या हिशेबाने शुल्क भरायचे आणि मिळालेली मापने घेऊन परत यायचे. अर्ज भरल्यावर आम्हाला चार महिन्यांनंतरची तारीख मिळाली. जास्त शुल्क भरल्यास लवकरची तारीख मिळते असेही पत्रात लिहिले होते. ते वाचून आमच्या विभागातल्या लिपिकांनी "मॅडम, हे तर जमिनीच्या जुन्या मोजणीसारखंच झालं, साधी, तातडी आणि अतितातडी," असे म्हटले, तेव्हापासून विभागात या सगळ्या प्रकरणाला 'मोजणी' हेच नाव पडले. आम्ही साधी मोजणी घेतली.

नमुन्याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण सेवेचे मूल्यमापन नमुन्यापासून वेगळे करता येत नाही. सिलिकॉनच्या तुकड्यावर सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आणि त्यावर ५० ते ६० नॅनोमीटर रुंदीचे ॲल्युमिनियमचे गेट, अशी आमची रचना होती. अशा गेटांवर योग्य ती व्होल्टेज दिली की खालच्या सिलिकॉनमध्ये एक लहानसा खळगा तयार होतो आणि त्यात एकेक इलेक्ट्रॉन मोजून ठेवता येतो. हाच क्वांटम डॉट. त्याच्या शेजारी दुसरा, थोडा मोठा डॉट सेन्सर म्हणून ठेवलेला असतो. पहिल्या डॉटमधला एक इलेक्ट्रॉन कमी झाला किंवा वाढला की शेजारच्या सेन्सरमधून वाहणारा प्रवाह पायरी उतरल्यासारखा बदलतो. स्पिनचे चुंबकत्व इतके क्षीण असते की ते असे थेट टिपता येत नाही. त्यामुळे आधी स्पिनचे रूपांतर विद्युतभाराच्या हालचालीत करायचे आणि मग ती हालचाल सेन्सरने पकडायची, असा हा दोन टप्प्यांचा व्यवहार आहे. हे गेट इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफीने (इलेक्ट्रॉनांच्या झोताने सूक्ष्म आकृती कोरण्याच्या पद्धतीने) आखावे लागतात. बाहेरच्या संशोधकांना अशा सुविधा वापरू देणारा इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युझर्स प्रोग्राम हा शासकीय कार्यक्रम आयआयटी मुंबई, भारतीय विज्ञान संस्था यांसारख्या ठिकाणी चालतो, हे आमच्या भागातल्या अनेक प्राध्यापकांना अजूनही माहीत नसते, म्हणून मुद्दाम नोंदवते.

निघण्यापूर्वी नमुने एकदा थंड करून पाहावेत, गळके गेट (ज्यांतून ऑक्साइडपार प्रवाह झिरपतो ते) इथेच बाजूला काढावेत, असा सल्ला संस्थेच्या पत्रात होता आणि तो अगदी योग्य होता. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन हवा होता. परभणीत तो कोठे मिळणार, या विचारात आम्ही दोन दिवस घालवले आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आले की जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठीच्या कांड्या ज्या कॅनमध्ये ठेवतात त्यात दुसरे काय असते! ओळखीच्या पशुवैद्यकांकडे स्टीलचा थर्मास घेऊन गेलो, तेव्हा तिथले परिचर म्हणाले, "कामून पाहिजे मॅडम तुम्हाला हे? कॉलेजात म्हशी बांधल्या का काय?" तरी त्यांनी दोन लिटर दिले, आणि त्या दोन लिटरमध्ये, ७७ केल्विनला, आमच्या पाच नमुन्यांपैकी तीन गळके निघाले. ही चाचणी केली नसती तर ते तीन नमुने आम्ही दिवसाचे शुल्क भरून गळके ठरवले असते.

उरलेल्या दोनपैकी एक आम्ही स्वतःच मारला, आणि त्याचा दोष कोणत्याही सेवेकडे जात नाही. मार्चमधली परभणीची हवा इतकी कोरडी असते की टेरिकॉटचा सदरा काढताना अंधारात ठिणग्या दिसतात. १० नॅनोमीटरचे ऑक्साइड साधारण १० व्होल्टला फाटते आणि बोटातून उडणारी ठिणगी हजारो व्होल्टची असते. विद्यार्थ्याने चाकांच्या खुर्चीवरून उठून, मनगटाला भूसंपर्काचा पट्टा न बांधता, चिमट्याने नमुना उचलला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा दोन गेटांच्या मधोमध जळलेल्या वातीसारखा काळा ठिपका होता. राहिलेला एक नमुना आम्ही वाहक फोमच्या डबीत, सगळ्या टोकांना एकाच तारेने जोडून, रात्रीच्या गाडीने मांडीवर ठेवून नेला.

संस्थेत पोहोचल्यावरची व्यवस्था उत्तम होती. तिथल्या ज्येष्ठ तंत्रज्ञांना सगळे 'काका' म्हणतात. काकांनी आधी आमच्या दोघांच्या मनगटांना पट्टे बांधले, मगच डबी उघडू दिली. सोन्याच्या बारीक तारांनी नमुना धारकाला जोडण्याचे काम त्यांनी सुमारे पाऊण तासात, एकदाही हात न थरथरता केले, आणि प्रत्येक तार जोडण्यापूर्वी ती दुसऱ्या टोकाला जमिनीशी जोडलेली आहे का हे मोठ्याने म्हणून तपासले. एकच गैरसोय झाली: धारकाची जोडणी बदललेली होती आणि आम्हाला पाठवलेला आराखडा जुना होता, त्यामुळे आमच्या गेटांची आधी केलेली सगळी क्रमवारी तिथे बसून पुन्हा लावावी लागली. सुविधा वापरणाऱ्यांना आराखडा पाठवताना त्यावर निदान तारीख तरी टाकावी.

यंत्र थंड होण्यास जवळपास दोन दिवस लागले. पल्स-ट्यूब नावाचा शीतक आधी सगळे ४ केल्विनच्या आसपास आणतो आणि नंतर हीलियम-३ व हीलियम-४ यांचे मिश्रण कामाला लागते. हे मिश्रण सुमारे ०.८७ केल्विनच्या खाली दोन थरांत फुटते आणि वरच्या थरातले हीलियम-३ खालच्या थरात ओढले जाताना उष्णता शोषते. हातावर पडलेले स्पिरिट उडून जाताना गार लागते, साधारण तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी सकाळी फलकावर आकडा होता ११ मिलिकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून अवघे ०.०११ केल्विन. माहितीपत्रकात १० मिलिकेल्विन छापले होते, आणि एक मिलिकेल्विनवरून भांडणारे आम्ही नव्हे. भांडण निराळ्या आकड्याचे होते.

ते समजण्यासाठी मोजणीची पद्धत पाहावी लागेल. चुंबकीय क्षेत्र लावले की इलेक्ट्रॉनच्या दोन स्पिन-अवस्थांच्या ऊर्जा वेगळ्या होतात. सिलिकॉनमध्ये जी-गुणक (क्षेत्रामुळे या ऊर्जा किती फाकतात ते सांगणारा आकडा) जवळजवळ २ असल्यामुळे १ टेस्लाला हे अंतर ११६ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. आता परभणी जिल्ह्यातल्या वालूरसारख्या ठिकाणची एखादी जुनी बारव डोळ्यांसमोर आणावी. खालची पायरी पाण्याखाली, वरची पायरी कोरडी, आणि पाण्याची पातळी बरोबर दोहोंच्या मध्ये. डॉटच्या शेजारी इलेक्ट्रॉनांचा जो साठा असतो त्याची पातळी म्हणजे हे पाणी. डॉटमधला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर, म्हणजे जास्त ऊर्जेच्या अवस्थेत असेल, तर त्याच्यासमोर साठ्यात मोकळी जागा असते आणि तो निघून जातो. त्याच्या जागी थोड्या वेळाने खालच्या पायरीवरचा दुसरा इलेक्ट्रॉन येतो. पहिलाच इलेक्ट्रॉन खालच्या पायरीवर असेल तर त्याला जाण्यास वाव नसतो आणि तो बसून राहतो. म्हणजे सेन्सरच्या प्रवाहात क्षणभर उंचवटा दिसला तर स्पिन वर होता, रेघ सपाट राहिली तर खाली होता. ही पद्धत नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने २००४ मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या डॉटमध्ये प्रथम यशस्वी केली. स्पिन-अवस्था टिकण्याचा काळ त्यांना ८ टेस्लाला ०.८५ मिलिसेकंदापर्यंत मिळाला आणि वाचनाची दृश्यता (वाचन किती खात्रीचे याचे माप) ६५ टक्के होती. सिडनीच्या गटाने २०१० मध्ये सिलिकॉनमधल्या फॉस्फरसच्या अणूशी बांधलेल्या इलेक्ट्रॉनवर हेच केले, तेव्हा तो काळ १.५ टेस्लाला सुमारे ६ सेकंद निघाला. सिलिकॉनच्या डॉटकडे आम्ही वळलो ते या सेकंदांकडे पाहूनच. वेळ भरपूर असेल तर मंद उपकरणांनीही काम भागते, असा आमचा गरिबाचा हिशेब होता.

पण बारवेतले पाणी हलत असेल तर? लाटा वरच्या पायरीवर चढू लागल्या आणि खालची पायरी मधूनच उघडी पडू लागली, तर कोणता इलेक्ट्रॉन का गेला हे सांगता येत नाही. पाण्याची ही हालचाल म्हणजे साठ्यातल्या इलेक्ट्रॉनांचे तापमान, आणि ते यंत्राच्या फलकावर दिसणाऱ्या तापमानाएवढे असेलच असे अजिबात नाही. इलेक्ट्रॉन आणि स्फटिकाची जाळी यांच्यातली उष्णतेची देवाणघेवाण तापमान उतरते तशी झपाट्याने क्षीण होत जाते. नमुना ज्या तांब्यावर बसवला आहे ते ११ मिलिकेल्विनला पोहोचले तरी खोलीतून आलेल्या तारांमधला विद्युत गोंगाट इलेक्ट्रॉनांना तापवत राहतो. हा गोंगाट अडवण्यासाठी तारांवर थंड टप्प्यातच फिल्टर बसवावे लागतात आणि प्रत्येक तार टप्प्याटप्प्यावर तांब्याला नीट बांधून थंड करावी लागते. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नव्हती.

इलेक्ट्रॉनचे तापमान मोजण्याचा मार्ग मात्र सरळ आहे आणि तो पहिल्याच दिवशी अवलंबावा. डॉटमधून अत्यंत लहान व्होल्टेजवर प्रवाह जाऊ द्यायचा आणि गेटचे व्होल्टेज हळूहळू सरकवायचे. ठरावीक जागी प्रवाहाचे शिखर येते, आणि त्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी, एकच ऊर्जापातळी वाहत असताना, तापमानाच्या ऊर्जेच्या (तापमान गुणिले बोल्ट्झमनचा स्थिरांक) सुमारे साडेतीनपट असते. आमचे शिखर गेटच्या व्होल्टेजमध्ये ०.७० मिलिव्होल्ट रुंद होते. आमच्या गेटवरच्या व्होल्टेजचा एक दशांशच प्रभाव डॉटवर पडतो, म्हणजे ऊर्जेत ही रुंदी ७० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट, त्याला ३.५२ ने भागले की जवळपास २० उरतात, आणि २० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे २३० मिलिकेल्विन. फलकावर ११ आणि इलेक्ट्रॉनला २३०! विद्यार्थ्याने भागाकार तीनदा केला.

यानंतरचा अर्धा दिवस आमच्या संपूर्ण मुक्कामातला सर्वांत शिकवणारा होता. काकांनी उपकरणांच्या मांडणीभोवती एक फेरी मारली आणि एकेक गोष्ट बंद करीत गेले. संगणकाची जोडणी काचतंतूची होती, ती निर्दोष निघाली. दिवे बंद केले, फरक नाही. चुंबकाचा वीजपुरवठा तोडला, फरक नाही. शेवटी त्यांनी पंपाच्या नळीवरच्या निर्वातमापकाचा नियंत्रक भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटातून काढला, आणि पडद्यावरचे पुढचे शिखर आमच्या डोळ्यांदेखत अरुंद झाले: ०.४५ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे १५० मिलिकेल्विन. एका नियंत्रकाचा भूसंपर्क दुसऱ्या वाटेने गेल्यामुळे तयार झालेले एक अदृश्य वेटोळे आमच्या इलेक्ट्रॉनांना ८० मिलिकेल्विनने तापवत होते. हा नियंत्रक तिथे किती दिवस तसाच जोडलेला होता आणि आमच्या आधी किती जणांची मापने त्या तापलेल्या इलेक्ट्रॉनांवर झाली असतील, हे मी विचारले नाही. १५० च्या खाली मात्र आम्ही काही केल्या उतरलो नाही. यंत्राचे तापमान वाढवून शिखराची रुंदी मोजत गेलो, तेव्हा ३०० मिलिकेल्विनच्या वर रुंदी तापमानाबरोबर सरळ चढत होती आणि २०० च्या खाली रेघ आडवी पडत गेली होती. आडव्या रेघेचे कारण तारांमध्ये होते, आणि तारा तीन दिवसांत बदलता येत नाहीत.

तरीही १५० मिलिकेल्विनने काम भागले, कारण चुंबक आपल्या हातात होता. त्या तापमानाची ऊर्जा १३ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट, १.५ टेस्लाला दोन पायऱ्यांमधले अंतर १७४. तेरापटींहून अधिक अंतर असल्यावर लाटांची भीती फारशी उरत नाही. गॅलियम आर्सेनाइडचा डॉट असता, तर जी-गुणक ०.४४ असल्यामुळे एवढ्याच अंतरासाठी जवळपास ७ टेस्ला लावावे लागले असते. चुंबकाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. क्षेत्र बदलताना धातूच्या भागांत भोवरे-प्रवाह निर्माण होऊन यंत्र तापते आणि पुन्हा थंड होण्यासाठी थांबावे लागते, हे सर्वच ठिकाणी घडते.

दुसरी अडचण वेगाची होती. सेन्सरचा रोध सुमारे १०० किलोओहम, आणि तारा व फिल्टर मिळून धारिता १ नॅनोफॅरड. या दोहोंमुळे मोजता येणाऱ्या वारंवारतेची मर्यादा दीड किलोहर्ट्झच्या आसपास पडते. म्हणजे मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाहून लहान उंचवटा या सेवेत दिसणारच नाही. आम्ही इलेक्ट्रॉनच्या जाण्यायेण्याचा दर जाणूनबुजून सेकंदाला शंभराच्या आसपास ठेवला होता, म्हणजे उंचवटे दहा मिलिसेकंदांचे येणार आणि आरामात दिसणार. इथे आमचाच हिशेब चुकला. घरगुती विजेची ५० हर्ट्झची लाट २० मिलिसेकंदांची असते, तिची अर्धी बाजू दहाची, त्यामुळे विजेची गुणगुण आणि इलेक्ट्रॉनचा उंचवटा एकमेकांच्या मापाचेच झाले. पडद्यावर आम्हाला स्पिन वर असलेले इलेक्ट्रॉन रांगेने दिसू लागले, आणि ते इतक्या शिस्तीत येत होते की आनंद होण्याऐवजी संशय आला. डॉट पूर्ण रिकामा केला तरी ते येतच राहिले. शेवटी अडथळ्याच्या गेटवरचे व्होल्टेज काही मिलिव्होल्टने वाढवून इलेक्ट्रॉनची ये-जा चौपट जलद केली, आणि मग अडीच-तीन मिलिसेकंदांचे खरे उंचवटे गुणगुणीवर उठून दिसले. शिवाय पल्स-ट्यूबचा ठोका सेकंदाला १.४ वेळा पडतो आणि त्याने तारा हलून प्रवाहात लहानसा हेलकावा येतो. तो इतका संथ असतो की गणिताने काढून टाकता येतो, पण कच्च्या नोंदी पाहताना तो रुग्णाच्या नाडीसारखा सतत दिसत राहतो.

तिसऱ्या रात्री साडेअकराला पहिला निःसंशय उंचवटा मिळाला. डॉट रिकामा करायचा, मग एक इलेक्ट्रॉन कोणत्याही स्पिनचा आत घ्यायचा, ठरावीक काळ थांबायचे, मग पातळी दोन पायऱ्यांच्या मध्ये आणून वाचायचे, असा क्रम संगणक स्वतःच फिरवत होता. बहुतेक रेघा सपाट. मग एक रेघ सपाट निघाली, क्षणभर वर चढली, तीन मिलिसेकंद वर राहिली आणि परत खाली येऊन तशीच पुढे गेली. विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, हा वर होता." यापेक्षा जास्त कोणीच काही बोलले नाही, कारण पुढच्याच रेघेत दुसरा उंचवटा होता. थांबण्याचा काळ वाढवत नेला तसे उंचवट्यांचे प्रमाण घटत गेले, कारण वरच्या पायरीवरचे इलेक्ट्रॉन तेवढ्या वेळात खाली उतरत होते. अवस्थेचे आयुष्य काढायचे ते या घटीवरूनच. सिलिकॉनमध्ये या कामात एक खाच आहे. चुंबकीय अंतर आणि सिलिकॉनच्या दोन 'दऱ्यां'मधले (इलेक्ट्रॉनच्या जवळजवळ सारख्या ऊर्जेच्या दोन अवस्थांमधले) ऊर्जेचे अंतर जुळले की स्पिन भराभर उलटतात आणि आयुष्य एकदम कोसळते. तो खड्डा शोधण्यासाठी अनेक क्षेत्रांवर मापन करावे लागते, आणि एका क्षेत्रावर दहा वेगवेगळे थांबे, प्रत्येकी तीनशे आवर्तने, सरासरी एक सेकंद थांबा, असा हिशेब धरला तर जवळपास तास जातो. आम्हाला चार क्षेत्रे पूर्ण करता आली. खड्डा त्या चारांमध्ये नव्हता.

म्हणूनच बिलाबद्दल बोलावे लागते. आम्ही प्रत्यक्ष मोजले ते तीन दिवस. शुल्क घेतले गेले सहा दिवसांचे, कारण थंड होण्याचे दोन दिवस आणि गरम होण्याचा एक दिवसही नमुना यंत्रात 'असतो'. हा नियम पत्रकाच्या शेवटच्या पानावर आहे हे मान्य, पण दिवसाचा दर पहिल्या पानावर ठळक छापला की वाचणारा गुणाकार तीनानेच करतो. आमच्या विभागाच्या वर्षभराच्या प्रयोगसाहित्याची रक्कम त्या सहा दिवसांत गेली. त्यातही निर्वातमापकाच्या शोधात गेलेला अर्धा दिवस आमच्याच खात्यावर पडला. सौम्य शब्दांत विचारल्यावर काकांनी कार्यालयात शब्द टाकला आणि पुढच्या खेपेला अर्धा दिवस मोफत देण्याचे लेखी मिळाले. हे त्यांच्या भलेपणामुळे झाले, नियमामुळे नव्हे. मापनांच्या नोंदी मात्र साध्या मजकुराच्या फायलींत, प्रत्येक फायलीच्या माथ्यावर सगळ्या गेटांची व्होल्टेज आणि त्या क्षणाचे तापमान लिहून दिल्या जातात, आणि याबद्दल पूर्ण गुण द्यायला हवेत.

या सेवेत काय मिळत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. स्पिन वाचता येतो. स्पिन आपल्या इच्छेने फिरवता येत नाही. त्यासाठी नमुन्याजवळ सूक्ष्मतरंग पोहोचवावे लागतात, आणि १.५ टेस्लाला लागणारी वारंवारता ४२ गिगाहर्ट्झ आहे, तर तिथला स्रोत २० पर्यंतच जातो. २० गिगाहर्ट्झमध्ये बसायचे तर क्षेत्र ०.७ टेस्लापर्यंत उतरवावे लागेल. तिथे पायऱ्यांमधले अंतर तापमानाच्या ऊर्जेच्या सहापट उरते आणि वाचन डळमळू लागते. तारा सुधारून इलेक्ट्रॉन १०० मिलिकेल्विनच्या खाली आणले तर हाच स्रोत पुरेल, त्यामुळे महागडा नवा स्रोत घेण्याआधी फिल्टर घ्यावेत, असे मी अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहून आले आहे. सेन्सरला कुंडल-धारित्राच्या मंडलात बसवून काहीशे मेगाहर्ट्झच्या लहरी त्यावरून परावर्तित करून मायक्रोसेकंदांत वाचन करण्याची पद्धत अनेक प्रयोगशाळांत आता रूढ आहे. ती इथे नाही. सिलिकॉनवर काम करणाऱ्याला तिच्यावाचून निभावते, गॅलियम आर्सेनाइडवाल्याने मात्र इथे जाऊ नये.

ज्यांचा नमुना अजून आखणीत आहे त्यांनी शक्य असल्यास दोन डॉट शेजारी-शेजारी ठेवावेत. दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन परस्परविरुद्ध जोडीत असतील तरच दोघांना एका डॉटमध्ये येता येते, एरवी पाउलीच्या नियमामुळे (सारख्या स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत) वाट अडते. ही अडवणूकही सेन्सरवर दिसते, आणि तिला मोठे चुंबकीय क्षेत्र लागत नाही की साठ्याचे पाणीही तितके शांत लागत नाही. २०२० मध्ये डेल्फ्ट आणि सिडनी येथील गटांनी सिलिकॉनचे डॉट १ केल्विनच्या वर चालवून दाखवले ते याच वाचनपद्धतीच्या आधाराने. दीडशे मिलिकेल्विनच्या सेवेला साजेसा नमुना तोच. आमचा एकेरी होता, कारण आम्ही माहितीपत्रकातल्या दहा मिलिकेल्विनवर विश्वास ठेवून आखणी केली होती.

१९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपयांची मंजुरी मिळाल्यापासून नव्या यंत्रांच्या बातम्या वारंवार येतात आणि अशा सेवा पुढे वाढतील असे दिसते. यंत्र, चुंबक आणि माणसे यांसाठी मी या सेवेला पाचपैकी साडेचार देईन. तारा, माहितीपत्रक आणि बिलाची पद्धत यांसाठी अडीच. अर्ज करण्यापूर्वी तीन गोष्टी पत्राने विचाराव्यात आणि उत्तर लेखी घ्यावे: गेल्या वर्षभरात कोणत्या नमुन्यावर, कोणत्या पद्धतीने, इलेक्ट्रॉनचे तापमान किती मोजले गेले, सेन्सरच्या तारेची वारंवारतेची मर्यादा किती, आणि दिवस नेमका कधीपासून मोजला जातो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जे यंत्राचे तापमान पाठवतील त्यांना तोच प्रश्न पुन्हा पाठवावा.

आमची पुढची तारीख ऑगस्टमधली आहे. पावसाळ्याची हवा दमट असते, ठिणग्या कमी उडतात, म्हणून मुद्दाम ती मागून घेतली. नव्या जोडडॉटाचे सहा नमुने या आठवड्यात परभणीला आले असून पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या परिचरांना दोन लिटरसाठी फोन करून ठेवला आहे.